पिपची गाठ घालून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

मराठी माध्यमातून अकरावी आर्ट्‌सला आलेल्या आम्हा मुलामुलींसाठी तुम्ही सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी इंग्रजीचा तास घ्यायचात. फी नाही, हजेरी नाही. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

आम्हाला वाटलं होतं, शब्दांची यादी मिळेल, ती घोकायची. तुम्ही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या जुन्या प्रती वाटल्यात. डिकन्सची, १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली, लोहाराच्या घरी वाढलेल्या पिप या अनाथ मुलाची कादंबरी! पोटात गोळाच आला.

वहीची पद्धतही तुमची निराळी. एबीसीडीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे पानं. पिपचा मेहुणा ‘जो’ लोहार, त्याच्या पानावर फोर्ज, अ‍ॅन्व्हिल, बेलोज, अप्रेंटिस. लग्न मोडल्यापासून नवरीच्या वेषातच राहिलेल्या मिस हॅविशॅमच्या पानावर ब्राइडल, कॉबवेब, डिके. वकील जॅगर्सच्या पानावर कोर्टातले शब्द आणि त्याचा तो वासाचा साबण. (जोच्या पानाआधी रविवारी तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत जाऊन ठोक्यांचा आवाज ऐकून यायला सांगणाऱ्याही तुम्हीच!) शब्द अडला की तो कुणाच्या तोंडी आहे, ते माणूस तेव्हा काय करतंय, हे आधी बघायचं. डिक्शनरी सगळ्यात शेवटी.

‘विटल्स’ मात्र आमच्या डिक्शनरीत सापडेचना. तुम्ही म्हणालात, अरे, सुरुवातीला पिपला गाठणारा तो पळालेला कैदी असाच बोलतो. खायच्या जिनसांना व्हिटल्स म्हणायचं, तर हा व्ही ऐवजी डब्ल्यू लावतो आणि डिकन्स ते तसंच छापतो. वर्गात खसखस पिकली. आमच्यातल्या निम्म्यांनी ‘आनि-पानी’वरून पुण्यात टोमणे ऐकलेले. इथे तसं बोलणं चक्क मोठ्या लेखकाच्या पुस्तकात!

पण आभार खरे आहेत ते आठव्या प्रकरणाचे. पत्ते खेळताना पिप ‘नेव्ह’ला ‘जॅक’ म्हणतो आणि मिस हॅविशॅमकडे वाढणारी एस्टेला तुच्छतेने त्याला नावं ठेवते. आपले हात खरबरीत आहेत, बूट जाड आहेत, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवतं. तो उतारा वाचून झाल्यावर तुम्ही काहीच समजावलं नाहीत. शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “बाई, आमच्यात तर त्याला गुलाम म्हणतात.” त्यावर तुम्ही इतक्या मनमोकळ्या हसलात, की त्या दिवसापासून तो तासाला तोंड उघडू लागला. मीसुद्धा.

बारावीचे मार्क बरे पडले, ते असो. आता ऑफिसात कुणी अनोळखी शब्द फेकला, तर मान न डोलावता सरळ विचारते, “म्हणजे काय?” ही सवय तुमच्या तासाची.

माझी मामेबहीण यंदा अकरावीला आली आहे, मराठी माध्यमातूनच. तास अजून चालू असेल तर तिला पाठवते. प्रत विकत घेऊ नका, माझी देते. समासात पेन्सिलीची खाडाखोड आहे, तेवढी चालवून घ्या.

तुमची,
दुसऱ्या बाकावरची विद्यार्थिनी