चांदोदला निघण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे
२४ एप्रिल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. अण्णांचं वर्षश्राद्ध नर्मदाकाठी चांदोदला करायचं ठरवलंस ते बरं केलंस. गुरुजींशी मी बोलून ठेवतो. पण विधी उरकला की मुलांना होडीतून संगमावर न्यायचं आणि मग नर्मदेवरच्याच पोइच्याला मनसोक्त डुंबू द्यायचं, असं जे लिहिलंयस तिथे मी अडलो. होडीचं जमवू. पोइच्याचं डुंबणं मात्र मनातून काढून टाक.

विहिरीत पोहून मोठे झालो, असं तू म्हणणार. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही रे. पोइच्याच्या पट्ट्यात वाळू उपसून तळाला खड्डे झालेत आणि वरून पाणी सगळीकडे सारखंच सपाट दिसतं. एका पावलाला गुडघाभर, पुढच्याला डोक्यावर. खड्ड्याची कड वाळूचीच, त्यामुळे पाय रोवायला जावं तर ती ढासळते. शिवाय प्रवाहाची ओढ असतेच. मे २०२४ मध्ये सुरतेहून आलेले सात जण तिथेच बुडाले.

दुसरी गोष्ट धरणाची. वर केवडियाला सरदार सरोवर आहे. वीज करायला पाणी सोडलं की खाली नदी चढते, मग वैशाखातलं कोरडं ठणठणीत ऊन का असेना. घाटावर बसलात की पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवून ठेव आणि दर दहा मिनिटांनी बघ. काटकी पाण्यात गेली, किंवा काडीकचरा वाहून येऊ लागला, पाणी गढुळलं, की सामान मागाहून आवर, आधी माणसं वर घे. स्नान पायरीवर बसून तांब्याने. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, त्यावर उभं राहून पिंड सोडायला वाकू नकोस.

आता होडी. इथल्या हरणी तलावात बोट उलटली ते तुला सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त आणि कित्येक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेटच नव्हतं. म्हणून काठावरच, पाय होडीत टाकायच्या आधी, जॅकेट घालायचं. नावाडी म्हणेल, 'बसायला ठेवलंय साहेब, लागलं तर घाला.' उलटल्यावर पाण्यात ते कुणालाही घालता येत नाही.

जॅकेट हातात घेऊन नीट बघ. फोम मुठीत दाबून सोड. दबलेलाच राहिला किंवा कुरकुरला तर दुसरं माग. खांद्याजवळचं कापड चिमटीत धरून ओढ, उन्हाने विटलेलं असेल तर टरकतं. सगळी बक्कलं लावून पट्टे आवळलेस की दोन्ही खांद्यांना धरून वर उचल. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात ते एकटंच तरंगेल, पोर खालून निसटेल. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो तो याचसाठी. मोठ्यांचं जॅकेट पोराला गुंडाळून बांधणं म्हणजे निव्वळ समाधान. भाड्याच्या होडीत मुलांच्या मापाचं मिळेलच असं नाही, तेव्हा आपलं घेऊन जाऊ.

सगळे बसल्यावर होडीच्या काठापासून पाण्यापर्यंत निदान वीतभर अंतर उरलं पाहिजे. नसेल तर उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. संगमावर पोचलं की सगळे फोन काढून एकाच बाजूला झुकतात, आणि होडी कलंडते ती बहुधा तेव्हाच. उभं राहिलं की भार वर जातो, मग एका माणसाच्या हलण्यानेही तोल जातो. उलटलीच, तर होडीला धरून राहायचं. लाकडी होडी पालथी पडूनही सहसा तरंगते. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नये.

वहिनींना एक मुद्दाम सांग. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबताहेत आणि आवाज काहीच नाही. लांबून बघणाऱ्याला ते खेळतंय असंच वाटतं. सगळं मिनिटभरात संपतं. मुलं पाण्याजवळ असताना एकाने फक्त बघायचं, हातात मोबाईल नको आणि पळीपंचपात्रीही नको.

कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही, बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. पालथं पडून काठी पुढे कर. काकूंचं नऊवारी असेल तर सुमारे आठ मीटरची दोरी आयतीच मिळाली! तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावून, पिशवीत टाकून आण. बुडणाऱ्याकडे फेकला की त्याने पाचेक किलोची उचल मिळते, मोठ्या माणसाचं तोंड वर राहायला तेवढी पुरते. त्याला बांधायला दोरी पंधरा मीटर, प्लॅस्टिकची हलकी घे, ती तरंगते. नायलॉनची बुडते.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं यातलं काही करू द्यायचं नाही. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी छातीत शिरतं. श्वास नसेल तर नाक चिमटून तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला खोली ५ ते ६ सेंटीमीटर. दुसऱ्याने १०८ लावायचा. शुद्धीवर आलं तरी दवाखाना चुकवायचा नाही, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

मगरींचं तेवढं राहिलं. इथल्या कमाटीबागेतून जाणाऱ्या विश्वामित्री नदीत त्या आहेतच, आणि मे-जूनमध्ये पिल्लं निघतात तेव्हा मादी जास्त बिथरते. पुलावरून बघू, काठावर उतरायचं नाही.

मुलांना डुंबायचंच असेल तर इथल्या तरणतलावावर नेऊ, जीवरक्षक हजर असेल त्या वेळेला. आणि दोघांचं वजन कळव, वह्यापुस्तकांच्या दप्तरासकट नव्हे, काट्यावर बघून. जॅकेटच्या आतल्या लेबलवर किलो छापलेले असतात, त्यावरूनच घ्यावं लागतं.

तुझा,
विनायक