चहाआधीची चाळीस मिनिटं

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

तुझा परवाचा निरोप मी तीनदा ऐकला. मागे कुकरच्या शिट्ट्या, धाकटीचं रडणं आणि त्यातून तुझा आवाज, "जिना चढून आले तरी धाप लागते गं. मला जमेल का पळायला?" लगेच उत्तर बोलायला घेतलं होतं, पण दोन मिनिटांत उरकण्यासारखं ते नव्हतं. आज पोरं आजोळी गेलीत, घर शांत आहे, म्हणून कागद घेऊन बसले.

जमेल गं. खो-खोत तू खांबाला वळसा घालून दिसेनाशी व्हायचीस आणि समोरच्या संघाच्या मुली नुसत्या बघत राहायच्या, ते मी विसरलेले नाही. फक्त त्या पंधरा वर्षांच्या मुलीसारखं पहिल्याच दिवशी सुटायचं नाही. मी तेच केलं होतं. माझी धाकटी दोन वर्षांची झाली तेव्हा शाहू स्टेडियमवर गेले आणि शाळेतल्यासारखी सुसाट निघाले. तिसऱ्या फेरीला छाती फुटतेय असं झालं. नडग्या आठवडाभर इतक्या दुखल्या की मांडी घालून बसवेना, आणि पुढे दोन महिने मी बूट बघितलेसुद्धा नाहीत. वाटलं, आपलं वय गेलं.

वय गेलं नव्हतं, वेग चुकला होता. मैदानावर रोज एक निवृत्त क्रीडाशिक्षक यायचे. पुन्हा गेले तेव्हा माझी धाप ऐकून म्हणाले, "ताई, बोलता येईल इतकंच पळा. बोलणं तुटलं की चाला." एवढ्या एका वाक्यावर मी पुढची वर्षं काढली आहेत. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. झाली तीस मिनिटं. आधी पाच मिनिटं भराभर चालणं, शेवटी पाच मिनिटं सावकाश. आठवड्यातून तीनच दिवस, आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. मग तीनास एक, पाचास एक. नवव्या-दहाव्या आठवड्यात कधीतरी लक्षात येतं की वीस मिनिटं झाली आणि आपण थांबलोच नाही. किलोमीटर मोजूच नकोस सध्या, घड्याळाकडे बघ. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत कर. फुप्फुसं लवकर तयार होतात गं, पण पोटऱ्या, घोटे, नडगीची हाडं यांना वेळ लागतो. सगळी दुखणी येतात ती दम वाढला म्हणून पाय पुढे रेटल्यानं.

पण तुला सांगायचं ते खरं हे नाहीच. पळणं पायांपासून सुरू होत नाही, घरात तोंड उघडण्यापासून सुरू होतं.

मी पहिले तीन आठवडे काय करायचे माहितेय? सव्वाचारला उठायचं, कणीक मळायची, भाजी फोडणीला टाकायची, दोन डबे भरायचे, ओटा पुसायचा आणि मग साडेपाचला घराबाहेर पडायचं. कुणाला कणभर त्रास नको. त्या चाळीस मिनिटांची किंमत आधीच भरून टाकायची, आणि ती मी माझ्या झोपेतून भरत होते. एका संध्याकाळी थोरल्यानं पेन्सिलीचं टोक तिसऱ्यांदा मोडलं आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला अजून दिसते. रात्री जागीच होते. हे पळण्यामुळे झालं असं घरातलं कुणीही म्हणालं असतं, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण पळून आले की मी हलकी असायचे. जड झाले होते ती सव्वाचारच्या गजरानं.

दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, "मंगळवार, गुरुवार, रविवार, सकाळी पावणेसहा ते साडेसहा मी घरात नाही असं धरा." सगळ्यांचे घास थांबले. सासूबाईंनी विचारलं, "आणि डबे?" मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "मी बघतो." पहिल्या गुरुवारी त्यानं पोहे इतके भिजवले की त्यांचा लगदा झाला. डब्यात शेवटी तूप-साखर लावलेली पोळी गेली. थोरला डबा चाटूनपुसून घेऊन आला. आता नवऱ्याच्या हातची मटकीची उसळ माझ्यापेक्षा चांगली होते, हे मी मनापासून सांगते.

आणि सासूबाई. महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग एका मंगळवारी उठले तर पडवीतला दिवा लावलेला, दाराची कडी काढलेली, बूट उंबऱ्याशी जोडीनं ठेवलेले. म्हणाल्या, "आमच्या वेळी विहिरीवर पाण्याला जायचं तेवढंच बाहेर पडणं. जा तू." त्या दिवशी समर्थ मंदिरापर्यंत माझे डोळे भरलेले होते.

म्हणून सुमे, मागताना "जमलं तर" म्हणू नकोस. वार सांग, वेळ सांग. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना सकाळी धरून उठवावं लागतं, हे मला माहीत आहे. पण ते काम तीन सकाळी त्यांचा मुलगाही करू शकतो. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होईल, तुलाच जास्त. बॅंकेत तू दिवसभर लोकांना ठामपणे नियम समजावून सांगतेस ना, तोच आवाज एकदा घरात लाव.

आता शरीराचं. बूट घ्यायच्या आधी रक्त तपासून घे. माझं हिमोग्लोबिन 9.2 निघालं होतं. बाईचं 12 च्या वर हवं. आपण त्या थकव्याला "दोन मुलांचं करताना व्हायचंच" म्हणून सोडून देतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुला जिन्यात लागणारी धाप ही आळसाची असेलच असं नाही. थायरॉईडही बघून घे. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नकोस, तास-दीड तासाचं अंतर ठेव, आणि जेवणात लिंबू पिळत जा. मला तीन महिन्यांनी जो फरक जाणवला तो कोणत्याही सरावानं आला नसता.

आणखी एक गोष्ट, जी आपण सख्ख्या आईलाही सांगत नाही. पळताना, शिंकताना, मुलांबरोबर उड्या मारताना थोडी लघवी होते. मला व्हायची. गडद रंगाची पँट घालून मी कितीतरी महिने काढले आणि कुणाला बोलले नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हे फार जणींना होतं, पण म्हणून सोसायचं नसतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल पडतात. लघवी आणि वारा अडवताना आपण जसं आत-वर ओढून धरतो तसं ओढायचं, जमेल तितकं, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत धरायचं आणि पूर्ण सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. तीन महिने केलं आणि माझं पुष्कळ कमी झालं. तुला होत असेल तर लाजू नकोस, आधी दाखवून ये. तुझी धाकटी तीन वर्षांची आहे, तुला सुरुवात करायला हरकत नाही. जावेला मात्र आत्ताच सोबत ओढू नकोस. ती ओली बाळंतीण आहे. निदान तीन महिने तिनं फक्त चालावं, आणि टाके पोटावरचे असोत की खालचे, डॉक्टरांना विचारूनच पुढे जावं.

बूट. इथे काटकसर करू नकोस. बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या, ती बातमी आपण दोघींनीही वाचली होती. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून ती माउली पळाली. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण त्यांचं नाव घेऊन "बघा, बाईला बूट लागतात कुठे" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुझ्यापुढे आहे. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बाळंतपणानंतर पाऊल अनेकींचं वाढतं. मी लग्नाआधीचाच नंबर घेतला आणि यवतेश्वरचा घाट उतरताना अंगठ्याचं नख काळं पडलं, कितीतरी महिने गेले नवीन यायला. आणि दुसरी वस्तू, पळायची चांगली घट्ट ब्रा. बुटांइतकीच गरजेची, पण दुकानात मागायला आपण कचरतो. साडीसाठी जशी दहा दुकानं हिंडतो तशी ही हिंडून, घालून, जागच्या जागी दोन उड्या मारून बघून घे.

निघण्याआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर, घोटभर पाणी. आल्यावर मात्र नुसत्या चहावर भागवू नकोस. अंडं, उसळ, दूध, शेंगदाण्याचा लाडू, काहीतरी पोटभर. सगळ्यांना वाढून उरलेलं खायचं ही सवय पळणाऱ्या बाईला परवडत नाही. पाळीत पहिल्या-दुसऱ्या दिवशी चालून ये नाहीतर झोप. रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळ, उजाडायच्या आत गेलीस तर फिके कपडे घाल, आणि दोन्ही कानांत गाणी नकोत. कुत्री अंगावर आली की चालायला लाग. आपण पळत राहिलो की ती मागे लागतात.

टिकायचं कसं, हे तू शेवटी विचारलंस. मी सांगते ते साधं आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेन दोऱ्यानं बांधलंय. गेले त्या तारखेला गोल. महिनाअखेरीस बारा गोल व्हायला हवेत, आठ झाले तरी मी खूष असते. अगदी उठवत नसेल त्या दिवशी स्वतःला सांगते, दहाच मिनिटं जाऊन ये. इतक्या वर्षांत दहा मिनिटांनी परत फिरले ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा खरंच अंगात ताप होता. इथे जुलैत आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही, मुलांची आजारपणं येतात, मार्चमध्ये परीक्षा. सलग पंधरा दिवस बुडतातच. बुडाले की मी दोन पायऱ्या खाली येऊन पुन्हा चढते, बस. आणि एखादी सोबतीण शोध. रस्त्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट बघत थंडीत उभी आहे म्हटल्यावर पांघरूण आपोआप बाजूला होतं.

लेक मात्र बघत असते गं. मी तिला आपल्या माणमधल्या मोहीच्या ललिता बाबरची गोष्ट सांगितली. दुष्काळी तालुक्यातली मुलगी, 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. 1984 मध्ये पी. टी. उषा पोचली होती, त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. त्या शर्यतीत अडथळ्यापलीकडे पाणी असतं हे कळल्यापासून आमच्या अंगणात पाट आडवा उभा करून पलीकडे परातीत पाणी भरलेलं असतं आणि ही त्यावरून उड्या मारते. सासूबाई परात शोधत फिरतात.

दोन वर्षांनी मी इथली हिल मॅरेथॉन पळाले, 21 किलोमीटरची. बोगद्यापासून चढ सुरू होतो तो सुटतच नाही. धुकं, पावसाची भुरभुर, वळणावळणावर मागे सातारा खाली खाली जाणारा. चढाचा शेवटचा टप्पा मी बराचसा चालले. उतरून गावात आले तर दोन्ही बाजूंना माणसं, ढोल वाजताहेत, आणि समर्थ मंदिरापाशी थोरला गर्दीतून घुसला आणि चपला फटफट वाजवत माझ्या बाजूनं पळायला लागला. पन्नासएक पावलं. काही बोलला नाही. मग थांबून ओरडला, "आई, जा!" मला 2 तास 51 मिनिटं लागली.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी पुण्याला येतेय, मामेबहिणीकडे काम आहे. शुक्रवारी रात्री तुझ्याकडेच उतरेन. तोवर तू घरात बोलून ठेव आणि रक्त तपासून घे. सकाळी सहाला आपण तळजाईला जाऊ, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, घड्याळ मी धरते. बुटांचं त्याच संध्याकाळी बघू, म्हणून शनिवारी साध्या कॅनव्हासच्या बुटांत आलीस तरी चालेल. सासूबाईंना माझा नमस्कार, गुडघा कसा आहे ते कळव. कंदी पेढे आणतेच आहे.

तुझीच,
शमी