मृगाआधी घराघरात मच्छरदाणी : ग्रामस्थ व चाकरमानी बंधू-भगिनींना मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

पालखीनंतरच्या सभेत ठरल्याप्रमाणे सर्पदंश टळावा म्हणून घरोघरी मच्छरदाण्या देण्याचे तात्यांचे काम यंदापासून मंडळाने अंगावर घेतले आहे. मृग ७ जूनला लागतो, हातात दिवस थोडे आहेत, म्हणून हे पत्र.

तात्या कोण हे गावात सांगायला नको. शाळेचा गणवेश असो की नमनातल्या गवळणींचे परकर, आपल्या दोन पिढ्यांचे कपडे त्यांच्या मशीनवरून गेले. त्यांची लेक सातवीत असताना आषाढात गेली. रात्री माजघरात आईशेजारी चटईवर झोपली होती. पहाटे पोटात दुखते म्हणाली. आदल्या दिवशी घरात फणस फोडलेला, गरे बाधले असे समजून ओवा दिला. मग तिच्या पापण्या उघडेनात, घोट गिळवेना. अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही. मण्यारीचा दंश असाच असतो, हे नंतर डॉक्टरांनी सांगितले. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचे झोपेत कळतही नाही. तालुक्याला पोचेपर्यंत पोर हातची गेली.

वर्षश्राद्धाला तात्यांनी जेवणावळ घातली नाही. पोस्टात तिच्या नावाने साठवलेले पैसे काढले आणि शाळेतल्या सगळ्या मुलांना मच्छरदाण्या वाटल्या. विकतची मच्छरदाणी जमिनीवरच्या अंथरुणाला पुरत नाही, कड वर येते. म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या खालच्या कडेला वीतभर जाड मांजरपाट शिवला, म्हणजे ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी घट्ट खोचता येते. ती शिलाई तेव्हापासून दर वैशाखात चालू राहिली. पुढे बॅटऱ्या आल्या, लावणीला जाणाऱ्या बायकांसाठी गमबूट आले, कारण आपल्या कातळावर आणि बांधावर फुरसे पावलोपावली. काकी प्रत्येक घरी स्वतः जाऊन मच्छरदाणी खोचून दाखवत. लेकीचे नाव कुठे घालायचे नाही, ही दोघांची अट. मंडळाने फलकाचा विषय काढला तेव्हा तात्या म्हणाले, “पाटी लावून काय करू? पोरं निजू देत सुखानं.” म्हणून या पत्रातही तिचे नाव नाही.

या कामाला ज्यांनी हात दिला त्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही. गिरणीतून निवृत्त झालेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी पहिल्या गमबुटांचे पैसे दिले, तेही फंडाच्या रकमेतून. मुंबई समितीने परळच्या दामोदर नाट्यगृहात नमनाचा प्रयोग लावला, आणि त्या पैशातून दोन पावसाळ्यांच्या बॅटऱ्या आल्या. खालच्या वाडीच्या बचत गटाच्या भगिनींनी कोकम सरबताच्या विक्रीतला वाटा दिला. शाळेच्या बाईंनी तर बदली झाल्यावरही दरवर्षी मनीऑर्डर केली. ही माणसे नसती तर तात्या एकटे कुठवर शिवत बसले असते?

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी याच कामासाठी पत्र पाठवले होते. उत्तरे बोटावर मोजण्याइतकी आली. त्याच वर्षी देवळाच्या सभामंडपाला मागितल्यापेक्षा जास्त जमले, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. देणारी माणसे तीच, गाव तेच, मग इकडे हात आखडता का, हे मात्र मनाला लागले. साप सगळ्यांच्याच अंगणात येतो. तुमचे म्हातारे आईवडील याच घरांत भुईवर निजतात.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विंचवाने आपल्या कोकणात पोरे पटापट दगावत, ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवल्यावर कितीतरी कमी झाले. सापावरही लस आहे, ती चावल्यानंतर द्यायची असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच चालते आणि सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. फक्त माणूस वेळेत पोचला पाहिजे. पान लागले, म्हणजे साप चावला, की बांधू नका, कापू नका, चोखू नका. चालवू नका, हातपाय हलू देऊ नका. १०८ ला फोन करा, गाडी दूर असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. आणि पावसाळ्यात पहाटे कुणाचे पोट दुखले, पापण्या जड झाल्या, तर ओव्यावर वेळ घालवू नका.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आहे. यंदा शिलाई त्यांना जमणार नाही, मदत मात्र ते मागणार नाहीत, म्हणून आम्ही मागतो आहोत.

तपशील : मच्छरदाणी, बॅटरी, गमबूट मिळून एका घराचा खर्च अंदाजे १,००० रु.; घरे १४०; एक, दोन, जमतील तितकी घरे घ्यावीत. रक्कम २५ मेपर्यंत. खाते क्रमांक गेल्या वर्षीच्या पावतीच्या मागे आहे, नसल्यास खजिनदारांकडून घ्यावा. रोख फक्त पावती घेऊनच द्यावी. मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी जुन्या चांगल्या खाटा असतील तर त्याही आणाव्यात. कडा शिवण्यासाठी मशीन येणाऱ्या चार भगिनी हव्यात, मांजरपाट मंडळ देईल, कशी शिवायची ते तात्या शेजारी बसून सांगतील. वाटप मृगाच्या आदल्या रविवारी, सकाळी ९ वाजता, शाळेत.

आपला नम्र,
सचिव, ग्रामविकास मंडळ (ग्रामीण व मुंबई)