'मॅडम, एआयने वाचलंय, तुम्ही फक्त नजर टाका'

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वकिलांच्या नोकऱ्या एआय खाणार अशा बातम्या हल्ली सारख्या येतात आणि सोबत फोटो कायम कोर्टातल्या वकिलाचा, काळा कोट, पांढरा बँड. मी पण वकीलच आहे पण माझा कोट बहुतेक वेळ कपाटात असतो कारण मी करार वाचते, बास, एवढंच काम, 2008 पासून. आई अजून विचारते, तुझी केस कधी असते गं.

सुरुवात झाली पुण्यात एका एलपीओमधे, म्हणजे अमेरिकन कंपन्यांचं कायद्याचं काम इथून करून देणारं ऑफिस. रात्रपाळी, समोर पीडीएफचा ढीग आणि एक एक्सेल शीट, प्रत्येक करारातून मुदत किती, नोटीस किती दिवसांची, कायदा कुठल्या राज्याचा, भरपाईला कॅप म्हणजे कमाल मर्यादा आहे का, हे हुडकून रकान्यात भरायचं. जाम शिव्या घालायचो तेव्हा, पण डोळा तयार झाला तो तिथेच. मग कंपनीत गेले (पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं), पुढे नोकरी सोडली, सनद परत चालू केली आणि आता भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांचे करार बघते.

ते एक्सेलचं काम आता एआय चहा उकळेपर्यंत करून देतं, आणि चांगलं करतं, खोटं कशाला बोला. मागे एका 62 पानी करारात कलम 14.3 मधे 'कलम 17.2 नुसार' असं लिहिलेलं आणि अख्खा करारच 16 ला संपत होता, मी रात्री एक वाजता दोनदा वाचूनही ते सोडलं होतं, एआयने लगेच पकडलं. त्यामुळे माझं त्याच्याशी भांडण नाहीये. भांडण आहे ते 'फक्त नजर टाका'शी.

भोसरीतले एक काका, पार्ट बनवायची सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन, सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन सूक्ष्म उद्योगाचं. मोठ्या कंपनीचा सप्लायचा करार आला तो व्हॉट्सॲपवर पाठवला, सोबत एआयच्या उत्तराचा स्क्रीनशॉट, सगळीकडे हिरव्या टिका. 'मॅडम, एआयने वाचलंय, तुम्ही फक्त नजर टाका, आणि फी पण तशीच लावा.' बरं, टाकली नजर. पेमेंट 90 दिवसांनी, त्यावर एआयचा शेरा, व्यवहारात सर्वमान्य. असेल अमेरिकेत! आपल्याकडे 2006 च्या एमएसएमईडी कायद्याचं, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याचं, कलम 15 आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट करारात काहीही लिहा, 45 दिवसांच्या पुढे ढकलता येत नाही, ढकललं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. करार संपल्यावर दोन वर्षं तसलेच पार्ट दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत, यालाही टिक, 'वाजवी'. आपल्या 1872 च्या काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 27 खाली करार संपल्यानंतरची अशी बंदी चालतच नाही, वाजवी का अवाजवी हा वाद पुढचा.

पण खरी मेख वेगळीच होती. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ, कंपनीच्या वेबसाइटवरच्या जनरल टर्म्स, वेळोवेळी बदलतील तशा, या कराराचा भाग समजाव्यात. एआयला पीडीएफ एकच दिलेली, त्याने तेवढीच वाचली. मी वेबसाइटवर जाऊन बघितलं तर तिथे सॅम्पल फेल गेलं तर अख्खा लॉट रिजेक्ट, परतीचं भाडं सप्लायरचं, वर कंपनीची लाइन थांबली तर त्याचा दंड वेगळा. काका म्हणाले हे यात कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाहीये काका, तेच तर.

आता एआयवर अन्याय नको म्हणून सांगते, मी त्यालाच नंतर विचारलं की सप्लायर भारतातला सूक्ष्म उद्योग आहे, आता 90 दिवसांचं काय, तर त्याने 45 दिवस आणि कलम 15 बरोब्बर सांगितलं. म्हणजे त्याला माहीत होतं, काकांनी विचारलं नव्हतं, आणि काकांना विचारायचं काय हे कुठून कळणार.

न्यूयॉर्कमधे 2023 साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि 5000 डॉलर दंड बसला, हे उदाहरण सगळे देतात. पण तिथे समोरचा वकील होता, जज होता, म्हणून पकडलं गेलं. करारात तसं कुणी नसतं, सही होते, फाइल कपाटात जाते आणि चूक कळते ती पैसे अडकल्यावर. (आणि हो, गुप्ततेचा करार तपासायला म्हणून फुकटच्या ॲपमधे जशाच्या तसा टाकणारे पण बघितलेत मी, त्यांना काय बोलणार.)

मला काळजी आहे ती नव्या पोरांची. पहिलं वाचन एआयच करणार म्हटल्यावर त्यांचा डोळा कधी तयार होणार? लॉ कॉलेजात कलम 27 पाठ करून घेतात, साठ पानी करार बसून वाचून कुणी घेत नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने यावर काहीतरी लिहून द्यावं, निदान एआयने तपासलंय हे क्लायंटला सांगायचं का, फी त्याप्रमाणे कशी लावायची, आणि चुकलं तर कुणाचं, एवढं तरी.

तोवर माझ्या ऑफिसात माझा नियम, ज्युनियरने आधी प्रिंट काढून पेनने वाचायचं, एआय नंतर. कागद वाया जातो म्हणून ती कुरकुरते. मागच्या आठवड्यात मात्र मान वर न करताच म्हणाली, मॅडम, यात ॲनेक्शर सी जोडलंय असं लिहिलंय, ते कुठाय? क्लायंटला मेल केलाय. ॲनेक्शर सी अजून आलेलं नाही.

आपली,
करार वाचणारी एक वकील, पुणे