बाबांच्या फाइलीतील रिपोर्ट

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

काल रात्री फोनवर बाबांनी विचारले, "एक रिपोर्ट टीबी म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, मग खरे कोणाचे धरायचे?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज रजा घेऊन फाइलीच्या झेरॉक्स पुण्यातील पोटविकारतज्ज्ञांना दाखवल्या. त्यांनी समजावून सांगितलेले सविस्तर लिहिते आहे, कारण फोनवर अर्धे बोलणे निसटून जाते.

बाबा, लहान आतडे मोठ्या आतड्याला जिथे मिळते, तिथे कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, व्रण दिसले. त्या जागी आतड्याचा क्षयही होतो आणि क्रोन्स नावाचा, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजारही होतो. दोन्हींत पोट दुखते, जुलाब होतात, वजन उतरते. म्हणून एका डॉक्टरांना क्षय वाटला आणि दुसऱ्यांना क्रोन्स. यात दोघांपैकी कोणी निष्काळजीपणा केला असे मला वाटत नाही.

तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती 'टीबी गोल्ड'ची बसली आहे. ती रक्ततपासणी एवढेच सांगते की शरीराची क्षयाच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. ती चाळीस वर्षांपूर्वीही पडली असेल, आणि आपल्या देशात अशी माणसे कोट्यवधी आहेत. आजचे व्रण त्या जंतूमुळे झाले का, हे त्या तपासणीला कळत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला ही चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावरून पोटाचा क्षय नाही असेही म्हणता येत नाही. शौचाच्या तपासणीतील कॅल्प्रोटेक्टिन ५० पर्यंत असावे लागते, तुमचे ३८० आले. हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून येते. त्यावरून आतड्याला सूज आहे हे समजते, ती कशामुळे आली हे समजत नाही.

आता बायोप्सी. "क्षयाचा पुरावा आढळला नाही" या वाक्यावर तुम्ही लाल पेनाने रेघ मारली आहे. चिमट्याने काढलेला तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा फार मोठा नसतो आणि तो वरच्या थरातला असतो. क्षयाच्या गाठी पुष्कळदा त्याखालच्या थरात असतात, शिवाय आतड्याच्या क्षयात जंतूंची संख्याही थोडी असते. त्यातच डॉक्टरांनी मला एक ओळ बोट ठेवून दाखवली: सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीतून गेले होते. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्या तुकड्यांचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करता आलेच नाही. कल्चरसाठी काही तुकडे सलाइनमध्ये वेगळे पाठवावे लागतात आणि निकालाला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे आपल्या हातात जो नकार आहे, तो अपुऱ्या तपासणीचा आहे.

घाईने औषध सुरू करू नये, असे मी कळवळून सांगते त्याला कारण आहे. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि आत क्षय असला, तर तो उसळतो. उलट क्षय समजून सहा महिने औषधे घेतली आणि आजार क्रोन्स निघाला, तर तेवढा काळ वाया जातो, आणि तुमच्या वयात त्या गोळ्यांचा यकृतावर भार पडतो तो वेगळाच. शिवाय क्रोन्सच्या काही रुग्णांनाही क्षयाच्या औषधांनी थोडे बरे वाटते. म्हणून नुसत्या बरे वाटण्यावर न जाता व्रण भरले का, हे पुन्हा दुर्बिणीने पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रिपोर्टात नाही. दिवाळीत मी बाबांच्या चष्म्याच्या घरात डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीची पट्टी पाहिली होती; दहापैकी तीनच गोळ्या उरल्या होत्या. गुडघ्यासाठी तुम्ही त्या दोन वर्षे घेत आहात आणि "ती काय साधी गोळी" म्हणून एकाही डॉक्टरांना सांगितले नाही. बाबा, या गोळीनेही आतड्याला व्रण होतात, कॅल्प्रोटेक्टिन वाढते आणि व्रणांतून थोडे थोडे रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरते. तुमचे १०.४ आहे. गोळीचे नाव ऐकताच डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि मला दोनदा विचारले, रोज किती, आणि कधीपासून. हेच कारण आहे असे ते म्हणत नाहीत, पण ते वगळल्याशिवाय पुढचे काही ठरवता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती गोळी आजपासून बंद करा. गुडघा फारच दुखला तर मला फोन करा, पण औषधाच्या दुकानातून स्वतःहून दुसरी आणू नका.

आई, तू बाबांचे ताट-वाटी वेगळी काढून ठेवलीस, हे मला धाकट्याकडून कळले. क्षय भांड्यांतून पसरत नाही. तो फुफ्फुसाचा असेल तर श्वासावाटे, खोकल्यातून पसरतो. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनाला ते लागले आहे. आजच त्यांचे ताट पुन्हा आपल्या मांडणीत ठेव.

सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. बाबांना प्रत्यक्ष तपासूनच ते पुढचे ठरवतील. मी शनिवारच्या एसटीने येते. मधल्या दिवसांत ताप, उलट्या किंवा पोट फुगून शौच अडले, तर सोमवारची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा. बायोप्सीच्या स्लाइड आणि तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून ठेवा, कारण हे सगळे आणखी एका पॅथॉलॉजिस्टला दाखवायचे आहे. आणि ती गोळ्यांची पट्टी फेकू नका, डॉक्टरांना दाखवायची आहे.

तुमची,
ताई