ती बोटं तशीच होती, बाई

बाई,

हे समोर येऊन बोलायला गेले असते तर दुसऱ्या वाक्यालाच घसा दाटला असता, म्हणून लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण ज्यांच्यामुळे मी चित्रकला सोडणार होते त्यांनीही वाचलं तर बरंच.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या फोल्डरमध्ये एकच चित्र होतं. बाबांचा उजवा हात. अर्धांगवायूनंतर तळव्यात मुडपलेली बोटं आणि त्यांच्याखाली अडकलेला अंगठा. हाच हात मी आधी दुसऱ्या एका क्लासमध्ये काढला होता. तिथल्या सरांनी काही न विचारता खोडरबर उचलला, बोटं पुसली आणि दोन मिनिटांत सरळ, प्रमाणबद्ध हात काढून दिला. म्हणाले, "अ‍ॅनाटॉमी कच्ची आहे तुझी." दोन वर्षांच्या फिजिओथेरपीला जे जमलं नाही ते खोडरबराने करून दाखवलं! क्लास सुटेपर्यंत मी तो बरा झालेला हात बघत बसले. घरी येऊन कागद फाडला. घरचे म्हणाले, असलं काय काढतेस, फुलं काढ. फुलांशी माझं वैर नाही, पण तेव्हा मला फुलं दिसतच नव्हती.

तुम्ही चित्र बघितलंत, बराच वेळ बघितलंत, आणि एवढंच विचारलंत, "बोटं अशीच होती ना?"

चारकोल कागदाला धरून राहत नाही, नुसती बाही लागली तरी फरफटतो. मनगटापाशी माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. तुमची नजर तिकडे गेली तशी मी घाईघाईने म्हटलं, "ते पुसते मी." तुम्ही म्हणालात, "राहू दे. इथेच धरायचीस ना त्यांना?"

तिथेच धरायचे. तुम्हाला कसं कळलं, अजून विचारलेलं नाही.

मग तुम्ही चित्राच्या मापाचा बटर पेपर कापलात, अलगद वर ठेवलात आणि चारही बाजूंनी टेप लावलीत. "सरकला तर घासेल," म्हणालात. एवढंच. त्या कागदावर जपण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक, त्याचं आजारी मुलीचं चित्र तुम्ही दाखवलंत ते पुढे कधीतरी. त्याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली, पंधरा वर्षांची होती. १८८६ मध्ये त्याने ते चित्र लोकांपुढे ठेवलं, तर अर्धवट आहे म्हणून हसले. रंग खरवडलेले, ओरखडे तसेच ठेवलेले. पुढची चाळीसेक वर्षं तो तेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. मला वाटतं, त्याच्याही चित्रात बोटं सरळ करायला कुणीतरी टपलेलं असणारच.

शिकवणारे पुष्कळ भेटतात, बाई. हातात खोडरबर असून तो न वापरणारे फार थोडे. हा चांगुलपणा शिकून येतो की मुळातच असावा लागतो, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात तो हात तिसऱ्यांदा काढला. अंगठा अजून जमत नाही. पुढच्या वर्गाला घेऊन येते. तुमचा बटर पेपर परत मागू नका, तो मी देणार नाही.

तुमची विद्यार्थिनी