पाय सुजले म्हणून गरोदर लेकीला अळणी वाढू नका

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या लेकीचे पाय सुजले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी मायेपोटीच तिची पेज, आमटी आणि भाजी पूर्ण अळणी केली. चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरेना, म्हणून तोंडाला चव यावी यासाठी ताटात लोणच्याची फोड, भाजलेला खारा बांगडा आणि वाटीभर सोलकढी आली. म्हणजे आमटीतले चिमूटभर मीठ वाचवून त्याच्या कितीतरी पट मीठ दुसऱ्या दाराने पोटात गेले, आणि रक्तदाब मात्र कोणीच मोजला नव्हता. वेंगुर्ले तालुक्यात अनेक वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केल्यावर हे चित्र मला नवे नाही, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

गरोदरपणात अंगातील पाण्याचे प्रमाण वाढते आणि वाढत्या गर्भाशयाच्या दाबामुळे पायांतील रक्त वर परतण्यास वेळ लागतो, त्यामुळे संध्याकाळी घोट्यापाशी थोडी सूज येणे हे बहुतेकींच्या बाबतीत स्वाभाविक असते. मीठ तोडल्याने गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार टळतो, असे संशोधनातून दिसलेले नाही. मात्र चेहरा किंवा हात एकाएकी सुजणे, डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली कळ येणे यांपैकी काहीही झाले, किंवा रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्यांना आधीपासून रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सपाट छोटा (चहाचा) चमचाभर, मीठ पुरे, आणि त्यात लोणचे, पापड, सांडगी मिरची, सुकी मासळी हे सगळे धरायचे असते. कोकमाचे आगळ (घट्ट रस) टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते, हे सोलकढीत वरून मीठ घालताना आपण विसरतो. खारी मासळी भिजवून, पाणी दोनदा बदलून मग रांधली तर तिचा खारटपणा बराच उतरतो. चवीसाठी ओली कैरी, लिंबू, कोथिंबीर, ओले खोबरे आहेतच. घरचा मालवणी मसाला, तिरफळ, हिंग, ओवा नेहमीच्या प्रमाणात जेवणात चालतात, जळजळ होत असेल तर तिखट कमी करावे, पण याच पदार्थांच्या फक्या आणि काढे औषध म्हणून परस्पर सुरू करू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, खरेदीत स्वस्त मिळते म्हणून खडे मीठ गोणीने घरात येते, आणि हल्ली आरोग्याच्या नावाखाली सैंधवही येते, पण या दोन्हींत बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आयोडीनयुक्त मिठात घरी पोहोचेपर्यंत किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम, आयोडीन असावे असा दंडक आहे, म्हणजे ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम मिळते, आणि उरलेले मासळी, दूध, अंडी यांतून यावे लागते. अधिक मीठ खाणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या वाडग्यातल्या मिठाला पाणी सुटते आणि त्यासोबत आयोडीनही जाते, तेव्हा मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि पदार्थ उतरवताना घालावे.

मिठावर थेंब टाकताच आयोडीन असल्यास निळसर रंग येणारे तपासणी संच आरोग्य खात्याकडे असतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी प्रत्येकीने घरचे चमचाभर मीठ पुडीत बांधून आणावे आणि ते तिच्यासमोरच तपासले जावे, अशी सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांना माझी आग्रहाची विनंती आहे. आगोटीची खरेदी होण्याआधी हे सुरू झाले, तर यंदाच्या पावसाळ्यातील गरोदर महिलांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
वेंगुर्ले तालुका, जि. सिंधुदुर्ग